चाक, किन्नर आणि पितळेतलं ताक

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. भाचा पुण्याहून नवीकोरी गाडी घेऊन नगरला आला होता. (हो, आता अहिल्यानगर. २०२४ मध्ये सरकारी कागदावर नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं, सवय आहे.) त्याची पहिलीच गाडी. पाच वर्षांचे हप्ते. येतानाच फोनवर म्हणाला होता, "मामा, पूजा तुमच्याच हातानं करायची."

आता मामा म्हटल्यावर काही जबाबदारी येते की नाही? सकाळी सगळे झोपेत असताना मी बादली, फडकी घेऊन अंगणात उतरलो. गाडीचं अंग झटकन स्वच्छ झालं. अडलं ते चाकांपाशी. चांगली चकचकीत अलॉय चाकं, पण आतल्या बाजूला आणि आऱ्यांच्या बेचक्यांत काळा-तांबूस थर. साबण लावला, घासलं, हलेना. मग मला मोरीतली बाटली आठवली. फरशीवरचे क्षारांचे डाग ज्यानं जातात, ते अ‍ॅसिड. म्हटलं, फरशीचे दहा वर्षांचे डाग काढतं, तर या थराची काय कथा!

ओतलं. फसफसलं. धूर आला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पण थर मात्र लोण्यासारखा सुटला. मी खूश. दुसरंही चाक उरकलं. तिसऱ्याकडे वळणार तेवढ्यात पहिलं चाक वाळलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. चाकावर पांढरट ढग उठले होते. जिथून अ‍ॅसिड ओघळलं तिथे ओघळाच्या रेघा, बोल्टच्या भोवती करडे चट्टे. पुसलं, धुतलं, पुन्हा पुसलं. ढग तसेच. ती चमक पुन्हा आली नाही ती नाहीच.

भाचा उठून आला, चाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ द्या मामा. फिरताना कुणाला दिसतंय?" चिडला असता तर बरं वाटलं असतं.

आई ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मान वर न करता एवढंच म्हणाली, "पितळेत ताक ठेवतोस का रे कधी?"

त्या वाक्यानं मला पुढचे कितीतरी दिवस कामाला लावलं. त्याचीच ही गोष्ट.

ज्यांच्या घरात आता फक्त स्टील आणि प्लॅस्टिक उरलंय त्यांच्यासाठी सांगतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार असं काही आंबट ठेवलं की ते कळकतं. आंबटामुळे पितळेतलं तांबं पदार्थात उतरतं, चव जाते, पोट बिघडतं. पण तीच चिंच पितळेच्या समईला बाहेरून चोळली की समई सोन्यासारखी लखलखते. म्हणजे चिंच वाईट नाही आणि पितळही वाईट नाही, कुणाला काय चालतं हे माहीत असायला लागतं. आमच्या आयांना ते माहीत होतं. लोखंडी तव्याला राख, तांब्याला चिंच, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालायचा नाही कारण ते काळं पडतं. कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं, पण धातू ओळखून धुवायचं हे हातात बसलेलं होतं.

मग चाकांच्या बाबतीत आपण हे कसं विसरलो? मी आठवायला लागलो आणि लक्षात आलं की आपल्या जिल्ह्यातली चाकं गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत इतक्या वेळा बदलली आहेत की धुणाऱ्याचा हात नेहमी एक चाक मागेच राहिला.

सुरुवात बैलगाडीपासून करू. लाकडी चाक, मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. आजोबांकडे अशी गाडी होती असं आई सांगते. ते चाक कुणी 'स्वच्छ' करत नसे. चिखल वाळला की आपोआप गळून पडायचा. पण चाकाला पाणी मात्र लागायचं, आणि ते वेगळ्याच कारणासाठी. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव ढिली व्हायची. मग गाडी ओढ्यात, नदीत उभी करायची, नाहीतर चाकांवर घागरी ओतायच्या. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. तुंब्यात मात्र वंगण हवं, तिथे पाणी गेलेलं चालत नाही. म्हणजे एकाच चाकात एक जागा पाण्याची आणि एक जागा तेलाची. गाडीवानाला हे सांगावं लागत नव्हतं.

मग आली मोटार. आपल्या नगरकरांना एक अभिमानाची गोष्ट माहीत असते (नसली तर आता असू द्या): एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती पुणे ते अहमदनगर. त्या काळातला पुणे-नगर रस्ता डोळ्यांसमोर आणा. शंभरावर किलोमीटर धूळ, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. त्या मातीची चिकाटी कुणाला सांगायला नको, चपलेला लागली तर चप्पल तिथेच राहते. पण ही मोटारची चाकं सोपी होती. दाबून घडवलेलं पोलाद आणि त्यावर रंग. चिखल पाण्यानं जायचा, ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं जायचं. रंग शाबूत असेपर्यंत पोलाद शाबूत, आणि रंग उडाला तर पुन्हा मारायचा.

याच काळात आपल्या भाषेत एक नवा माणूस आला. ट्रकवर ड्रायव्हरबरोबर असतो तो 'क्लीनर', म्हणजे आपला 'किन्नर'. गंमत बघा, आज 'व्हील क्लीनर' म्हटलं की बाटली डोळ्यांपुढे येते, पण आपल्याकडे क्लीनर हा आधी माणूस होता. काच पुसणारा, हवा तपासणारा, मागे बघून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणारा आणि ढाब्यापाशी गाडी थांबली की बादली घेऊन चाकाशी उकिडवा बसणारा. बहुतेक वेळा कोवळं पोरच. त्याच्या हाताला रॉकेल, डिझेल, ग्रीस सगळं लागायचं आणि त्याची नखं कधीच पांढरी दिसायची नाहीत. हा किन्नर लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडेच यायचंय.

रॉकेल-डिझेलची सवय तिथून लागली ती अजून सुटलेली नाही. पोलादाला ते चाललं. पण चाकाला नुसतं पोलाद नसतं, रबरही असतं. खनिज तेलात रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुढे भेगाळतं. तरीही टायर काळाभोर दिसावा म्हणून त्यावर डिझेलचा बोळा फिरवणारे आजही आहेत. दोन दिवस टायर नवा दिसतो आणि आतून त्याचं आयुष्य कमी होत असतं.

आता थोडं कारखान्यांकडे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहायला लागले आणि उत्तरेकडचे तालुके उसानं हिरवे झाले. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग जिल्हाभर कारखान्यांची रांग लागली. चाकाच्या इतिहासात याचं महत्त्व असं की लाकडी चाकाच्या जागी रबरी टायरची बैलगाडी आली. ऊसतोड मंडळींची टायरगाडी. तिच्या मागोमाग ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. पहाटे थंडीत उसानं लादलेल्या गाड्यांची ओळ ज्यानं पाहिली आहे तो ती विसरत नाही.

या गाड्यांच्या रिमा गंजायच्या. उसाचा रस गळतो, माती चिकटते, हंगाम संपला की गाडी उघड्यावर पडून राहते. वडिलांचे एक मित्र एका कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो की एक अर्धा कापलेला बॅरल दिसायचा. त्यात काळपट, आंबूस वासाचं पाणी आणि तळाशी गंजके नट-बोल्ट, रिमांच्या कड्या, पाने. ती होती मळी. साखर काढून झाल्यावर उरते ती. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी. त्यात गंजलेलं लोखंड आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवायचं. बाहेर काढून पाण्याचा फवारा मारला की गंज उतरून खालचं करडं लोखंड स्वच्छ निघतं. मळीतले काही पदार्थ गंजातल्या लोखंडाला पकडून पाण्यात ओढून घेतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. परदेशात जुन्या मोटारींचे शौकीन आजही ही युक्ती वापरतात. आपल्याकडे ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात नांदत होती.

मळीचा स्वभाव शांत. हात भाजत नाही, धूर येत नाही, नुसता वास मारतो आणि वेळ मागतो. पण तेव्हा त्या काकांनी सांगितलेलं एक वाक्य मी ऐकून सोडून दिलं होतं. मी एकदा अ‍ॅल्युमिनियमचं कसलंसं झाकण त्या बॅरलमध्ये टाकायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "याच्यात लोखंडच टाकायचं बाळा. जर्मन टाकलंस तर चाळण होईल." (आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, 'जर्मनचं पातेलं'.) मला हे चाळीस वर्षांपूर्वी सांगून झालं होतं, मंडळी. तरी मी भाच्याच्या चाकावर अ‍ॅसिड ओतलंच.

पोलादानंतर आला क्रोम. क्रोमचा मुलामा जगात १९२० च्या दशकात मोटारींवर चढला, आपल्या घराघरात तो पोचला अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या चाकांवरच्या ताटल्यांमधून. अ‍ॅम्बॅसडर १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लग्नाच्या वरातीत त्या ताटलीत आपलं वाकडं-तिकडं तोंड बघणं हा आमचा मोठा उद्योग होता. आणि नगरकरांची लाडकी लुना! १९७२ मध्ये ती आली, किनेटिकचा कारखाना आपल्याच गावात. बारीक तारांच्या आऱ्यांची चाकं, कापडाची पट्टी करून आऱ्यांमधून ओढत पुसायची. रविवार सकाळ त्यातच जायची.

क्रोम दिसायला कडक, पण मुलामा अगदी पातळ. राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासला की बारीक ओरखडे पडतात, ओरखड्यातून ओल शिरते आणि खालून गंज फोड आल्यासारखा वर येतो. फरशीच्या अ‍ॅसिडात तर क्रोम चक्क विरघळतो. क्रोमला साबणाचं पाणी, मऊ कापड आणि कोरडं पुसणं एवढंच हवं असतं. पण घरात समईसाठी राख असायची, तीच ताटलीला लागायची. हात एक चाक मागे, म्हटलं ना.

याच सुमाराला साबणही बदलला. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी पिवळी पावडर विकायला सुरुवात केली आणि काही वर्षांत कपडे धुण्याची पावडर गावोगाव पोचली. धुण्याच्या पावडरींत सोडा असतो, तो तेलकटपणा छान काढतो. साहजिकच ती मोटार धुवायलाही आली. रंगवलेल्या पोलादानं ते काही काळ सोसलं. पण सोडा रंगावरचं मेण काढून टाकतो, रंग निस्तेज होतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला तर सोडा अजिबात सोसत नाही. आईच्या पातेल्याचा नियम इथेही तोच.

आता येतो आपला खलनायक, म्हणजे खरं तर बिचारा बळी: अलॉय चाक. १९२४ मध्ये फ्रान्सात ल्यों इथल्या शर्यतीत एतोर बुगाटीनं आपली टाइप ३५ गाडी उतरवली तिची चाकं ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. हलकी, आणि ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकणारी. आपल्या रस्त्यांवर ही चाकं सर्रास दिसायला लागली ती मात्र गेल्या वीसेक वर्षांत.

शाळेत शिकलेला एक शब्द मला इतक्या वर्षांनी उपयोगी पडला: उभयधर्मी. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप एक पातळ पापुद्रा तयार होतो, ऑक्साइडचा. तोच त्याचं चिलखत. हा पापुद्रा उभयधर्मी असतो, म्हणजे तो अ‍ॅसिडातही विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही. लोखंडाचा शत्रू एका बाजूला, याचे शत्रू दोन्ही बाजूंना. कारखान्यातून येताना अलॉय चाकावर रंग आणि वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, पण दगड उडून कुठे टवका गेला, बोल्ट आवळताना ओरखडा पडला, की तिथून रसायन आत शिरतं आणि लॅकरच्या खाली पसरतं. माझे पांढरे ढग ते हेच. बोल्टपाशी ते जास्त होते यातलं कारणही कळलं.

आणि तो काळा-तांबूस थर, ज्याच्याशी मी लढत होतो, तो चिखल नव्हताच. ब्रेक लावला की पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासतात. त्यातून लोखंडाचा आणि पॅडचा बारीक भुगा उडतो, तापलेला असतो, तो चाकावर बसतो, ओल मिळाली की गंजतो आणि लॅकरमध्ये रुतून बसतो. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून तीच जास्त काळी होतात. लाकडी चाकाला माती लागायची, या चाकाला स्वतःच्याच गाडीचं झिजलेलं लोखंड लागतं. मळ बदलला होता आणि मी जुन्याच मळाचं औषध देत होतो.

या भुग्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कितीतरी वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, युरोपीय संघानं २००५ पासून त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. जुन्या गाडीच्या लायनिंगमध्ये काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून ब्रेकची किंवा चाकाची कोरडी धूळ तोंडानं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं कधीही उडवायची नाही. आधी ओली करायची, मग पुसायची.

नगरचे लोक रणगाडा संग्रहालय पाहुण्यांना हमखास दाखवतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं. भाच्याला लहानपणी मीच घेऊन गेलो होतो. या प्रकरणानंतर मी पुन्हा एकदा एकटाच गेलो, यावेळी फक्त चाकं बघायला (तिकीट देणाऱ्याला सांगितलं असतं तर हसला असता). लष्करी गाडीच्या चाकाला चमक नसते. चमकलं तर शत्रूला दिसेल. तिथे चाकाचं चिलखत म्हणजे रंग, आणि साफ करणं म्हणजे तो रंग जपणं. तिथे उभा राहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाक साफ करायचं म्हणजे चाकाचं कातडं सोलायचं नाही. त्याचं जे काही चिलखत असेल, धाव असो, रंग असो, क्रोम असो की लॅकर, ते शाबूत ठेवून फक्त वरचा मळ काढायचा.

मग मी आता काय करतो? विचारलंच आहे तर सांगतो.

पहिलं, चाक कशाचं आहे ते ओळखतो. रंगवलेलं पोलाद, क्रोम, लॅकरवालं अलॉय, की नुसतं पॉलिश केलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम. शंका असेल तर चाक सगळ्यांत नाजूक आहे असं धरून चालतो.

दुसरं, चाक थंड होऊ देतो आणि गाडी सावलीत लावतो. तापलेल्या चाकावर रसायन लगेच वाळतं आणि जिथे वाळतं तिथेच चावतं. आधी भरपूर साधं पाणी, म्हणजे सैल कचरा निघून जातो. मग गाडीचा साधा शाम्पू आणि मऊ ब्रश. चाकांची बादली वेगळी, फडकं वेगळं. चाकाचं फडकं गाडीच्या अंगाला लावलं तर तो लोखंडी भुगा रंगावर घासला जातो. बहुतेक मळ एवढ्यानंच जातो, दर पंधरा दिवसांनी धुतलं तर. मी तो सहा महिने साठवून मग औषध शोधत होतो.

तिसरं, तरीही तांबूस ठिपके राहिलेच तर लोखंड काढणारा क्लीनर मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं द्रव्य असतं, केस कुरळे करायच्या औषधांच्या जातीचं. वासही तसाच, सडक्या अंड्यासारखा. फवारलं की लोखंडाचा कण भेटेल तिथे जांभळा रंग ओघळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलो होतो, म्हटलं आता काय केलं! पण तो रंग म्हणजे औषध काम करतंय याची खूण. चाकाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी थोडं लावून बघायचं, बाटलीवर सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, वाळू द्यायचं नाही, एका वेळी एकच चाक घ्यायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं.

चौथं, दोन औषधं कधीही एकत्र करायची नाहीत. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो. मोरीतल्या बाटल्या मोरीतच राहू द्याव्यात.

पाचवं, आपल्याकडचं बोअरचं पाणी. जड, क्षारांचं. चाक आपोआप वाळू दिलं तर पांढरे ठिपके राहतात, आणि मग ते काढायला माणूस पुन्हा अ‍ॅसिड शोधतो. म्हणून धुतल्यावर लगेच कोरडं पुसायचं. आणि शेवटी गाडी हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक लावायचा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ओल्या ब्रेकवर भरधाव निघू नये. टायर चमकवायचं काही लावलंच तर फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नाही.

आता तो किन्नर.

मागच्या वर्षी हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर थांबलो होतो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा चाकांना एका कॅनमधलं पाणी ब्रशनं लावत होता. हातमोजे नाहीत, पायांत रबरी चप्पल. कॅनवर लेबल नाही. "काय आहे रे हे?" विचारलं तर म्हणाला, "चाकाचं पाणी." मालकाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. ड्रममधून सुटं येतं म्हणाला. पोरगा हसत म्हणाला, "काका, मस्त निघतं. रात्री फक्त बोटं ठणकतात."

त्या कॅनमध्ये काय होतं हे मला कळलं नाही. पण रात्री ठणकणारी बोटं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण तोवर मी वाचलं होतं. चाकं झटपट उजळ करणाऱ्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. हे अ‍ॅसिड इतरांसारखं लगेच भाजत नाही. पातळ असेल तर लावताना काहीच कळत नाही. ते कातडीतून आत शिरतं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून ठणका सुरू होतो. जास्त अंगावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हृदय बंद पडू शकतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या-ट्रक धुणारे ४८ कामगार या अ‍ॅसिडानं भाजल्याची नोंद आहे. तिथे नोंद तरी होते.

म्हणून बाटलीवर फ्लोराइड, बायफ्लोराइड, हायड्रोफ्लोरिक असं काही दिसलं तर ती घ्यायची नाही. लेबलच नसेल तर अजिबातच घ्यायची नाही. अंगावर उडालंच तर कपडे काढून लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाटली बरोबर न्यायची, कारण यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे उपचार असतात आणि ते लवकर सुरू झालेले बरे. डॉक्टरला नाव कळलं तर वेळ वाचतो.

मी त्या मालकाला हे सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत चाक चकाचक पाहिजे." खरं बोलला. ते गिऱ्हाईक मीच होतो. माझ्याही चाकांना तेच पाणी लागत होतं. पोराला म्हटलं, माझी उरलेली दोन चाकं नुसत्या शाम्पूनं धू. डिकीत माझे रबरी हातमोजे होते ते त्याला दिले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. कुठे गेला विचारलं तर "गावाकडं" एवढंच उत्तर मिळालं.

गाडीवानाला चाक माहीत होतं, कारण चाक त्याचं होतं. फिटर काकांना मळी माहीत होती, कारण हात त्यांचे होते. आता चाक एकाचं, बाटली दुसऱ्याची आणि हात तिसऱ्याचे. ज्याचे हात, त्याला बाटलीत काय आहे हे कुणी सांगत नाही. आईनं मला निदान एका वाक्यात सांगितलं. त्या पोराला सांगणारं कुणी नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला भाचा पुन्हा आला. यावेळी आम्ही दोघांनी मिळून गाडी धुतली, कडुलिंबाच्या सावलीत, हातमोजे घालून, शाम्पू आणि पाणी. तासभर लागला. दोन चाकं लखलखीत आणि दोन ढगाळ, ती तशीच राहणार आहेत. भाचा चाकं बदलून घ्यायला तयार नाही. म्हणतो, राहू द्या मामा, आठवण.

आईनं हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी म्हटलं, "आई, लिंबूसुद्धा अ‍ॅसिडच आहे हं."

"म्हणूनच चाकाच्या खाली ठेवायचं असतं," आई म्हणाली. "वर नाही." :-)